जुन्या पीसीचा आवाज गेला? ड्रायव्हर शोधण्याआधी नंबर शोधा

गणपतीला आठवडा उरला की सोसायटीच्या ऑफिसातला जुना पीसी आरत्यांसाठी बाहेर येतो आणि नेमका तेव्हाच मुका निघतो. "साउंडचा ड्रायव्हर उडाला" हे निदान कोणी ना कोणी लगेच करतं, आणि "फॉरमॅट मारा" हा उपायही त्याच दमात येतो. दोन्ही घाईचे. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि साउंडची चिप यांच्यातला दुभाषी प्रोग्रॅम, तो आपणहून उडत नाही. कोणीतरी विंडोज नवं टाकलेलं असतं, अपडेटने ड्रायव्हर बदललेला असतो, किंवा ड्रायव्हर जागच्या जागी असतो आणि बिघाड भलतीकडेच असतो. हा तिसरा प्रकार लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच जास्त आढळतो.

खालची माहिती साधारण २००२ ते २०१५ या काळातल्या डेस्कटॉपला धरून आहे. इंटेलच्या ८४५जी, ८६५, ९४५, जी३१, जी४१ किंवा एच६१ चिपसेटचे (बोर्डाचा कारभार पाहणाऱ्या चिप्सचे) मदरबोर्ड, त्यावर विंडोज एक्सपी, ७ किंवा १०. घराघरांत, क्लासेसमध्ये आणि लहान कारखान्यांच्या ऑफिसांत अजून चालू असलेली जुनी मशिनं बहुतेक याच घराण्यातली.

आधी ड्रायव्हर सोडून बाकी सगळं

स्पीकरची पिन काढून टीव्हीला किंवा जॅक असलेल्या मोबाइलला लावा. तिथे वाजला तर स्पीकर निर्दोष. इतकी साधी चाचणी सोडून लोक तासभर ड्रायव्हर डाउनलोड करत बसतात.

मग पिन कुठे लावली आहे ते पाहा. कॅबिनेटच्या मागे हिरवं भोक स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं लाइन इनचं. सहा भोकं असतील तर नारिंगी सेंटर आणि वूफरचं, काळं मागच्या स्पीकरचं, राखाडी बाजूच्या स्पीकरचं. मशिनमध्ये वेगळं साउंड कार्ड बसवलेलं असेल तर मागे भोकांचे दोन संच दिसतात: एक बोर्डाचा, एक कार्डाचा. पिन एका संचात आणि विंडोज दुसऱ्यातून आवाज पाठवतंय, ही चूक कार्ड बदलल्यावर हमखास होते.

आता मशिन बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, पॉवर केबल काढा आणि कॅबिनेटचं पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून धरा. बोर्डात साठलेली वीज निघून जाते आणि अडकून बसलेली ऑडिओ चिप नव्याने सुरू होते. विंडोज ८ आणि १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर मशिन पूर्ण बंद होत नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो, चुकीसकट. म्हणून ड्रायव्हरच्या कुठल्याही कामानंतर 'रिस्टार्ट'च करायचं.

घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चित्रावर लाल फुली असेल तर कर्सर त्यावर नेऊन येणारं वाक्य नीट वाचा. 'ऑडिओ सर्व्हिस इज नॉट रनिंग' आणि 'नो ऑडिओ आउटपुट डिव्हाइस इज इन्स्टॉल्ड' या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत ड्रायव्हरचा काही संबंध नाही. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा, 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' आणि मग 'विंडोज ऑडिओ' उघडा, स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक' करा आणि स्टार्ट दाबा. एक्सपीत फक्त 'विंडोज ऑडिओ' असते. मशिन हलकं करण्याच्या नावाखाली सर्व्हिसेस बंद करून ठेवणारी 'ट्यून-अप' सॉफ्टवेअरं इथे बऱ्याचदा दोषी निघतात.

फुली नाही, गाणं चालू आहे, हिरवी पट्टी नाचतेय, पण आवाज नाही? मग तो दुसरीकडे जातोय. स्पीकरच्या चित्रावर राइट क्लिक करून 'प्लेबॅक डिव्हायसेस' उघडा. विंडोज १० मध्ये तोच तक्ता कंट्रोल पॅनलच्या 'साउंड'मध्ये सापडतो. ग्राफिक्स कार्ड किंवा एचडीएमआय असलेल्या बोर्डावर तिथे दोन-तीन नावं असतात. 'एनव्हिडिया हाय डेफिनिशन ऑडिओ', 'इंटेल डिस्प्ले ऑडिओ', 'एएमडी एचडीएमआय' ही सगळी मॉनिटरकडे आवाज नेणारी नावं आहेत, आणि आपल्या जुन्या मॉनिटरला बहुधा स्पीकरच नसतो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट झाला की यातलं एखादं नाव गुपचूप डिफॉल्ट होऊन बसतं. 'स्पीकर्स' निवडा, 'सेट डिफॉल्ट' दाबा. 'स्पीकर्स' दिसतच नसेल तर रिकाम्या जागेत राइट क्लिक करून 'शो डिसेबल्ड डिव्हायसेस' आणि 'शो डिसकनेक्टेड डिव्हायसेस' या दोन्हींवर टिक करा.

बायोस आणि रुपयाएवढी बॅटरी

जुन्या बोर्डावरची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची चपटी बॅटरी संपली की प्रत्येक वेळी वीज गेल्यावर बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, मूळ सेटिंगवर जातो. काही बोर्डांत त्याबरोबर ऑडिओचं सेटिंगही फिरतं. ओळखायची खूण म्हणजे घड्याळ बरीच वर्षं मागे जातं. तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइटही उघडत नाहीत, म्हणजे ड्रायव्हर डाउनलोड करायला गेलात तर तिथेही अडता. बॅटरी आधी बदला.

मशिन चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा (एचपीच्या मशिनला बहुधा एफ१०). 'इंटिग्रेटेड पेरिफेरल्स' किंवा 'ॲडव्हान्स्ड' या पानावर 'ऑनबोर्ड ऑडिओ', 'एचडी ऑडिओ' किंवा 'अझालिया' यापैकी एक ओळ असते. अझालिया हे इंटेलच्या एचडी ऑडिओ या ऑडिओ पद्धतीचं बारशाआधीचं नाव, बायोस लिहिणाऱ्यांनी तेच ठेवलं. ती ओळ 'एनेबल्ड' किंवा 'ऑटो' हवी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (मशिनच्या भागांची विंडोजमधली यादी, ती कशी उघडायची ते पुढे येतं) साउंडचं नावनिशाण नसेल, पिवळं चिन्हसुद्धा नसेल, तर पहिला संशय इथेच.

खाडीकाठची हवा

ठाणे असो की वाशी-ऐरोली, पावसाळ्याचे चार महिने मशिन दमट आणि खारट हवेत उभं असतं. एमआयडीसीच्या कडेला त्यात धूरही मिसळतो. पीसीआय कार्डाच्या, म्हणजे बोर्डावरच्या स्लॉटमध्ये खोचलेल्या कार्डाच्या, सोनेरी पट्ट्यांवर आणि जॅकच्या आतल्या पत्रीवर थर बसतो. लक्षण असं: कार्ड कधी दिसतं, कधी दिसत नाही. दिसतं तेव्हा ड्रायव्हर व्यवस्थित चालतो. अशा मशिनवर ड्रायव्हर दहा वेळा टाकून काही होणार नाही. कार्ड काढा, पट्ट्यांवरून पांढरा खोडरबर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा, खोडरबराचा चुरा झटका, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पाच मिनिटं वाळू द्या आणि शक्य असेल तर शेजारच्या स्लॉटमध्ये बसवा. जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून पिन आठ-दहा वेळा आतबाहेर करा.

इथेच एक जुना सापळा सांगायला हवा. एसी'९७ या जुन्या ऑडिओ पद्धतीच्या काळातल्या बोर्डांवर पुढच्या पॅनलच्या ऑडिओ हेडरवर (वायर लावायच्या पिनांच्या ओळीवर) दोन जंपर, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या, असतात: ५-६ आणि ९-१० या पिनांवर. पुढची वायर लावलेली नसेल तेव्हा मागच्या हिरव्या भोकाकडे जाणारा आवाज याच जंपरांतून वळून येतो. साफसफाईत ते निघाले की मागचा आवाज पूर्ण बंद होतो. विंडोजमध्ये मात्र सगळं ठीक दिसतं.

वाद मिटवणारी पेन ड्राइव्ह

इतकं करूनही दोष मशिनचा की विंडोजचा हे कळत नसेल तर लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टमची, पेन ड्राइव्ह करा. ८ जीबीची पुरते. रूफस नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने लिनक्स मिंट तिच्यावर उतरवा. १ जीबी रॅमचं किंवा ३२ बिटचं मशिन असेल तर अँटिएक्स हे हलकं लिनक्स घ्या. पेन ड्राइव्हवरून मशिन सुरू करा, काही इन्स्टॉल करू नका. लिनक्सच्या गाभ्यात जुन्या साउंड चिप्सचे ड्रायव्हर आधीच असतात. टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' (इंग्रजीत alsamixer) लिहून एंटर मारा, एफ६ ने कार्ड निवडा आणि ज्या पट्टीखाली 'एमएम' दिसतं तिथे एम दाबून म्यूट काढा. मग गाणं लावा. वाजलं तर हार्डवेअर धडधाकट आहे आणि विंडोजवर मेहनत घेण्यात अर्थ आहे. नाही वाजलं तर थेट या लेखाच्या शेवटी यूएसबी कार्डापाशी या. ही चाचणी अर्ध्या तासाची आहे, पण दिवसभराची वणवण वाचवते.

डिव्हाइस मॅनेजर काय सांगतोय

'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक, 'मॅनेज', मग 'डिव्हाइस मॅनेजर'. साउंडच्या नावावर डबल क्लिक केलं की बिघाड असेल तर 'डिव्हाइस स्टेटस'च्या चौकटीत एक कोड असतो. तो कागदावर लिहून घ्या, कारण पुढचा सगळा रस्ता त्यावरून ठरतो.

कोड २२ म्हणजे कोणीतरी ते बंद करून ठेवलंय. 'एनेबल' दाबा, झालं. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर खरोखरच नाही. कोड ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल खराब आहे किंवा लोड होत नाही. विंडोज १० मध्ये 'कोअर आयसोलेशन'मधलं 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असेल तर जुना ड्रायव्हर असाच अडवला जातो. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरवरची डिजिटल सही विंडोजला पटत नाही. ६४ बिट विंडोजवर जुना ड्रायव्हर टाकताना हा भेटतो. कोड १०, 'डिव्हाइस कॅनॉट स्टार्ट', हा सगळ्यात त्रासदायक: ड्रायव्हर आहे, पण चिप त्याला उत्तर देत नाही. बहुतेक वेळा शेजारच्याच मॉडेलचा ड्रायव्हर टाकलेला असतो किंवा जुन्याचे अवशेष नव्याला नडत असतात.

पिवळ्या चिन्हापुढे अनोळखी नाव असेल, तर ते नावही बोलकं असतं. 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' म्हणजे एसी'९७ किंवा पीसीआय कार्ड, ड्रायव्हरविना. 'ऑडिओ डिव्हाइस ऑन हाय डेफिनिशन ऑडिओ बस' म्हणजे एचडी ऑडिओ आहे, रस्ता तयार आहे, फक्त चिपचा ड्रायव्हर नाही. आणि एक्सपीवर नुसतं 'पीसीआय डिव्हाइस' दिसलं तर रस्ताच बांधलेला नाही. त्याचं पुढे येतं.

नंबर: इथे चुकलात तर पुढे सगळं चुकतं

साउंडच्या नावावर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'डिटेल्स', वरच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज'. एक लांबलचक ओळ येते. त्यातले दोनच तुकडे कामाचे: व्हीईएन या अक्षरांपुढचे चार अंक-अक्षरं म्हणजे चिप कोणाची, आणि डीईव्हीपुढचे चार म्हणजे कुठली.

१०ईसी म्हणजे रिअलटेक. ११०६ म्हणजे व्हीआयए. ११०२ म्हणजे क्रिएटिव्ह. १३एफ६ म्हणजे सी-मीडिया. ११डी४ म्हणजे ॲनालॉग डिव्हायसेस. १४एफ१ म्हणजे कोनेक्झंट. रिअलटेकच्या बाबतीत डीईव्हीपुढचा आकडा बरेचदा मॉडेलच सांगतो: ०६६२ म्हणजे एएलसी६६२, ०८८७ म्हणजे एएलसी८८७, ०२६९ म्हणजे एएलसी२६९. सी-मीडियाचं १३एफ६ आणि ०१११ म्हणजे सीएमआय८७३८, एके काळी स्वस्त पीसीआय साउंड कार्डांवर सर्रास सापडणारी चिप.

फसगत होते ती ८०८६ वर. हा इंटेलचा नंबर. ८०८६ आणि २७डी८ दिसलं की लोक 'इंटेल साउंड ड्रायव्हर' शोधत सुटतात. पण २७डी८ हा आयसीएच७ या साउथब्रिज चिपमधला एचडी ऑडिओ कंट्रोलर आहे. ९४५, जी३१ आणि जी४१ या तिन्हींच्या जोडीला तोच असतो. कंट्रोलर म्हणजे फक्त रस्ता. आवाज काढणारी चिप, म्हणजे कोडेक, रस्त्याच्या टोकाला वेगळी बसलेली असते आणि ती बहुधा रिअलटेकची असते. म्हणून ओळीच्या सुरुवातीला पीसीआय लिहिलं असेल तर तो कंट्रोलर किंवा जुन्या घाटाचं कार्ड, आणि एचडीऑडिओ लिहिलं असेल तर तो खरा कोडेक, असं वाचायचं. ८०८६ आणि २४डी५ हा ८६५ बोर्डावरचा एसी'९७, २४सी५ हा ८४५जीवरचा, १सी२० हा एच६१वरचा एचडी ऑडिओ. इंटेलने एसी'९७ हे मानक १९९७ मध्ये आणलं आणि एचडी ऑडिओ २००४ मध्ये. दोन्हींचे ड्रायव्हर पूर्णपणे वेगळे आहेत, एकाचा दुसऱ्याला कधीच चालत नाही.

विंडोज सुरूच होत नसेल किंवा नंबरावर विश्वास बसत नसेल तर कॅबिनेट उघडून टॉर्च मारा. मागच्या जॅकच्या जवळ बोटाच्या पेराहून लहान चौकोनी चिप असते, चारही बाजूंना पाय. तिच्यावर खेकडा कोरलेला असेल तर ती रिअलटेक. खेकडा हे त्या कंपनीचं बोधचिन्ह. खाली एएलसी आणि तीन-चार आकडे असतात.

आता ड्रायव्हर. पहिली जागा बोर्ड बनवणाऱ्याची साइट, बोर्डाचा नंबर पीसीआय स्लॉटच्या मधल्या जागेत छापलेला असतो. इंटेलच्या स्वतःच्या डेस्कटॉप बोर्डांबाबत मात्र ही वाट बंद आहे. जुन्या बोर्डांची ड्रायव्हर आणि बायोस पानं कंपनीने २०१९ मध्ये काढून टाकली. तिथे चिपच्या नंबरावरूनच जावं लागतं, आणि रिअलटेक असेल तर अडत नाही, कारण त्यांचं एकच पॅकेज एचडी ऑडिओच्या बहुतेक सगळ्या एएलसी चिप्सना चालतं. 'तुमचे २३ ड्रायव्हर जुने झालेत' असं ओरडणारी ड्रायव्हर अपडेटर सॉफ्टवेअरं मात्र जुन्या मशिनवर चालवूच नका. जवळपासच्या नंबराचा ड्रायव्हर टाकून कोड १० निर्माण करण्यात ती पटाईत, आणि सोबत दोन-चार पाहुणे प्रोग्रॅम घेऊन येतात.

एक्सपी, ७, १०: प्रत्येकाची वेगळी खोड

एक्सपीला एचडी ऑडिओ जन्मतः कळत नाही. तो २००१ चा, एचडी ऑडिओ २००४ चा. म्हणून आधी मायक्रोसॉफ्टचा यूएए बस ड्रायव्हर, म्हणजे तो रस्ता बांधणारा केबी८८८१११, टाकावा लागतो आणि मगच रिअलटेकचा. क्रम उलटा झाला की रिअलटेकचा इन्स्टॉलर 'इन्स्टॉल फेल्युअर' म्हणून थांबतो. सर्व्हिस पॅक ३ वर आणखी गंमत: केबी८८८१११ चा इन्स्टॉलर 'तुमचा सर्व्हिस पॅक याहून नवा आहे' म्हणून स्वतःच नकार देतो. उपाय असा. रिअलटेकचं एक्सपीचं पॅकेज (आर२.७४ हे उशिराचं) उघडा, आत एमएसएचडीक्यूएफई नावाच्या फोल्डरमध्ये हीच फाइल असते. तिच्यावर सेव्हन-झिपने राइट क्लिक करून सगळं एका फोल्डरात काढा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्या 'पीसीआय डिव्हाइस'वर 'अपडेट ड्रायव्हर' निवडून तो फोल्डर दाखवा. नाव बदलून 'ऑडिओ डिव्हाइस ऑन हाय डेफिनिशन ऑडिओ बस' झालं की रस्ता बांधला गेला. रिस्टार्ट करून रिअलटेकचं सेटअप चालवा.

विंडोज ७ ला एचडी ऑडिओ येतो, एसी'९७ येत नाही. ८६५ बोर्डावर ७ टाकलं की आवाज जातो तो यामुळे. रिअलटेकने व्हिस्टा आणि ७ साठी एसी'९७ चं ६३०५ क्रमांकाचं पॅकेज काढलं होतं, ते घ्या. ३२ बिट की ६४ बिट हे 'सिस्टम' पानावर आधी पाहा.

विंडोज १० ला ड्रायव्हर नसल्याचा प्रश्न क्वचित. त्याचा प्रश्न अति उत्साहाचा. चांगला चालणारा ड्रायव्हर तो अपडेटमध्ये बदलतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'प्रॉपर्टीज', 'ड्रायव्हर', 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण उजळ असेल तर आधी तेच दाबा. नसेल तर हा उपाय करा, जो कोड १० वरही निम्मं काम करतो:

१. साउंडच्या नावावर राइट क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर'.
२. 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक फ्रॉम अ लिस्ट'.
३. यादीतून रिअलटेक न निवडता साधं 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' निवडा.
४. इशारा येईल, 'येस' म्हणा आणि रिस्टार्ट करा.

हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा ड्रायव्हर. यात इक्वलायझर नाही, पुढच्या जॅकची ओळख नीट होईलच असं नाही, पण आरत्या, ऑनलाइन क्लास आणि यूट्यूब यांना तो पुरून उरतो. जुन्या मशिनवर कंपनीच्या ड्रायव्हरपेक्षा हाच बरा, असं आमचं स्पष्ट मत आहे. एसी'९७ आणि वेगळ्या पीसीआय कार्डांना मात्र तो लागू नाही.

रिअलटेकच हवा असेल तर १० साठी दोन वंश आहेत हे लक्षात ठेवा. जुना एचडीए, ज्याचं आर२.८२ हे २०१७ चं पॅकेज सर्वत्र फिरतं, आणि नवा यूएडी, ज्याची सेटिंग्ज 'रिअलटेक ऑडिओ कन्सोल' या वेगळ्या ॲपमध्ये असतात. एकाचा ड्रायव्हर आणि दुसऱ्याचं पॅनल अशी खिचडी झाली की कन्सोल 'आरपीसी सर्व्हिसशी जोडता येत नाही' म्हणून अडून बसतो. २०१५ पूर्वीच्या बोर्डाला एचडीएच घ्या.

सही न पटण्याचा कोड ५२ आला तर तात्पुरती वाट आहे: शिफ्ट दाबून 'रिस्टार्ट', मग 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज', आणि एफ७. पण ती सूट त्या एका सुरुवातीपुरतीच. पुढच्या वेळी विंडोज पुन्हा अडवतं. रोज एफ७ दाबण्यापेक्षा तो ड्रायव्हर सोडून द्या.

जुना ड्रायव्हर मुळासकट

'अनइन्स्टॉल' करून रिस्टार्ट केलं आणि तोच बिघडलेला ड्रायव्हर परत हजर, ही तक्रार नेहमीची. कारण विंडोज प्रत्येक ड्रायव्हरची एक प्रत आपल्या कोठारात ठेवतं आणि तिथूनच पुन्हा वाढतं. म्हणून आधी इंटरनेटची वायर काढा, वायफाय असेल तर तेही बंद करा. 'प्रोग्रॅम्स अँड फीचर्स'मधून रिअलटेक किंवा व्हीआयएचं नाव काढा, रिस्टार्ट करा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये अनइन्स्टॉल करताना 'डिलीट द ड्रायव्हर सॉफ्टवेअर फॉर धिस डिव्हाइस' या चौकोनावर टिक करा. 'ॲक्शन'मधून 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस' दाबा. पुन्हा एखादा जुना उगवला तर पुन्हा टिक करून काढा. तीन-चार थर निघू शकतात. तो चौकोन दिसायचा बंद झाला की कोठार रिकामं. 'व्ह्यू'मधून 'शो हिडन डिव्हायसेस' करून फिकट दिसणारी जुनी साउंड नावंही काढा. आता नवा ड्रायव्हर टाका, रिस्टार्ट करा, आवाज ऐका, आणि त्यानंतरच वायर लावा.

ड्रायव्हर बरोबर, आवाज वाईट

आवाज तुटत असेल तर एक्सपीवर आधी हार्ड डिस्क पाहा. डिस्कवर सहा चुका मोजल्या गेल्या की एक्सपी तिला डीएमए या वेगवान पद्धतीवरून पीआयओ या संथ पद्धतीवर उतरवतं आणि गाणं अडखळतं. 'प्रायमरी आयडीई चॅनल' अनइन्स्टॉल करून रिस्टार्ट करा, डीएमए परत येतं. पुन्हा उतरलं तर डिस्कची केबल बदला. ७ आणि १० वर 'स्पीकर्स', 'प्रॉपर्टीज', 'ॲडव्हान्स्ड'मध्ये २४ बिट १,९२,००० हर्ट्झ निवडलेलं असेल तर १६ बिट ४८,००० करा आणि 'एन्हान्समेंट्स' बंद करा. पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स' ठेवा. तरीही तुटला तर लेटन्सीमॉन हे ड्रायव्हरांची दिरंगाई मोजणारं सॉफ्टवेअर चालवा. दोषी बऱ्याचदा वायफायचा ड्रायव्हर निघतो.

पुढचा जॅक मुका असेल तर कॅबिनेटमधली वायर एसी'९७ ची आहे की एचडी ऑडिओची ते पाहा, टोकावर लिहिलेलं असतं. बायोसमधलं 'फ्रंट पॅनल टाइप' त्याला जुळवा. जुन्या कॅबिनेटला एसी'९७ चीच वायर असेल तर रिअलटेकच्या पॅनलमध्ये 'डिसेबल फ्रंट पॅनल जॅक डिटेक्शन'वर टिक करा. मोबाइलचा हेडफोन, ज्याच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, पीसीच्या भोकात माइक चालवत नाही. त्याला दोन तोंडांचा स्प्लिटर लागतो. आणि विंडोज १० वर माइक मेला असेल तर 'प्रायव्हसी'मधली माइकची परवानगी ड्रायव्हरच्या आधी तपासा.

मंडपातल्या ॲम्प्लिफायरला पीसी जोडल्यावर येणारी जाड गुणगुण हा ड्रायव्हरचा दोष नव्हेच. पीसी एका खोलीतल्या सॉकेटवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या लाइनवर, दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक, आणि तो फरक ऑडिओच्या वायरमधून वाहतो. दोघांना एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. तरी उरली तर मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. पीसीच्या प्लगमधलं अर्थिंग तोडायचा 'उपाय' कोणी सुचवला तर ऐकू नका. ओल्या मंडपात तो जिवावर बेततो.

यूएसबी कार्ड

लिनक्सवरही आवाज आला नाही, जंपर आणि जॅक ठीक आहेत, म्हणजे चिप गेली. एएलसी चिप बदलणं शक्य असतं, पण तिला ४८ बारीक पाय आणि खर्च बोर्डाच्या किमतीशी स्पर्धा करणारा. क्रिएटिव्हचं जुनं साउंड ब्लास्टर लाइव्ह कोणी फुकट दिलं तरी ६४ बिट विंडोजवर त्याच्या मागे लागू नका. त्यापेक्षा दोनशे-तीनशे रुपयांत पेन ड्राइव्हएवढं यूएसबी साउंड कार्ड मिळतं. स्टेशनबाहेरच्या मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानात विचारा. नाही मिळालं तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडवर हमखास मिळेल. त्याला ड्रायव्हर लागत नाही, एक्सपीपासून पुढे सगळ्या विंडोजमध्ये यूएसबी ऑडिओचा ड्रायव्हर आधीच असतो. कॅबिनेटच्या मागच्या यूएसबीत लावा, पुढच्या भोकांची वायर लांब असते आणि खरखर उचलते. बायोसमध्ये ऑनबोर्ड ऑडिओ 'डिसेबल्ड' करून टाका, म्हणजे विंडोज पुन्हा मेलेल्या चिपकडे आवाज पाठवणार नाही.

ज्या ड्रायव्हरने काम झालं त्याचं सेटअप डी ड्राइव्हवर आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवा. चिपचा नंबर, पॅकेजचा क्रमांक आणि तारीख स्टिकरवर लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवा. बाहेरून लावलेला स्टिकर पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत निघून जातो.